सगळं आठवत होतं, तरीही

"मॅडम, यांची आठवण शाबूत आहे. बिघडलंय ते कॉग्निशन."

वणीच्या डॉक्टरांनी सिटी स्कॅनची फिल्म पांढऱ्या दिव्यासमोर लावली होती आणि पेनाच्या टोकाने ते मला एक काळपट पट्टा दाखवत होते. डोक्याच्या उजव्या बाजूला, कवटीच्या आतून, वरून खालपर्यंत. त्या पट्ट्याने मेंदू एका अंगाला ढकलला होता. मधली रेघ सरळ असायला हवी, ती वाकली होती. एवढं मलाही दिसलं.

माझे यजमान शेजारच्या खुर्चीवर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, फोटो काढायला बसतात तसे. आणि मी चक्क डॉक्टरांशी भांडायला लागले. "अहो, ह्यांना एकोणतीसचा पाढा येतो अजून! सगळ्यांचे फोन नंबर तोंडपाठ आहेत. विचारून पाहा तुम्ही!"

डॉक्टरांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "येत असेल. पाढा हा आठवणीचा भाग झाला. मेंदूवर रक्त साठलंय. आज नागपूरला निघा, उद्या नको."

हे सगळं लिहिते आहे ते ज्यांच्या घरात असं एखादं माणूस आहे त्यांच्यासाठी. माणूस बोलतं, ओळखतं, जुन्या गोष्टी सांगतं, आणि तरीही काहीतरी बिनसलंय असं तुम्हाला आतून वाटतं. मलाही वाटलं होतं. मी ते माझ्या पद्धतीने तपासलं, आणि माझी पद्धतच चुकली. त्या चुकीत माझे तेवीस दिवस गेले.

आधी आम्ही कोण ते सांगते. आम्ही मुकुटबनचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं पहिली ते चौथीला शिकवून मी निवृत्त झाले. गावात अजून सगळे मला मॅडमच म्हणतात आणि माझा स्वभावही तसाच राहिलाय. समोरचा चुकला की दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमचे हे, मुरलीधर, त्रेसष्ट वर्षांचे. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातली पाण्याची मोटार जळली की आतली जळकी तार काढायची, नव्या तारेचे मोजून फेरे घालून गुंडाळ्या करायच्या, त्या खाचांत बसवायच्या, टोकं ठरल्या क्रमाने जोडायची आणि वरून वार्निश द्यायचं. गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झालं की व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात आणि दुकानासमोर रांग लागते. किती एचपीला कोणत्या जाडीची तार आणि किती फेरे, हे सगळं ह्यांच्या तोंडावर. कधी लिहून ठेवलं नाही. दुकानाला लागून रहीमभाईंचं वेल्डिंगचं दुकान. दोघांची पंचवीस वर्षांची दोस्ती आहे आणि भांडणंही तितकीच जुनी.

आमच्या घरी सकाळचा पहिला चहा हे करतात. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. कप हातात घेतला तर आत नुसतं गोड, गरम, पांढरं दूध.

"पत्तीचा उपास हाये काय जी आज?" मी म्हटलं.

"टाकली ना."

जाऊन पाहिलं तर ओट्यावर, गॅसच्या बाजूला, चहापत्तीची छोटीशी रास. बरोबर दोन चमचे. डब्यातून मोजून काढलेली, पण पातेल्यात न पोचलेली. आम्ही दोघंही हसलो. पुढे चार दिवस मी त्यांना त्यावरून चिडवलं. ते चिडवणं आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

मग शर्टाची बटणं वरखाली लागायला लागली. डाव्या पायातली चप्पल चालताना निघून मागे राहायची आणि ह्यांना चार पावलं गेल्यावर कळायचं. डोकं जड वाटतं म्हणायचे. वार्निशचा वास चढत असेल, असं मीच ठरवून टाकलं.

मग मोटारी परत यायला लागल्या. पहिली आली ती दामोदरभाऊंची, पाच एचपीची. बटण दाबलं तर नुसती घुमली, फिरली नाही, आणि पुन्हा जळली. ह्यांनी ती निमूट परत घेतली. आठ दिवसांत दुसरी आली. तेव्हा रहीमभाई भर दुपारी घरी आले. एरवी ते फाटकातूनच हाक मारतात, त्या दिवशी आत येऊन बसले.

"भाभी, एक सांगू काय? भाऊ गुंडाळ्या एकदम बराबर करते. पन कनेक्शन कराच्या टायमाले टोकं हातात धरून बसून राह्यते. घंटा घंटा. मी म्हटलं काय झालं बे, तं म्हनते पाहून राह्यलो."

"थकले असन," मी म्हटलं.

"थकलेला मानूस झोपते भाभी. हे झोपत नाही."

त्याच आठवड्यात बाजारात कोणीतरी माझ्यादेखत म्हणालं, "साठी बुद्धी नाठी, मॅडम. आता मुरलीभाऊले आराम करू द्या." मला असा राग आला म्हणून सांगू! घरी आले, ह्यांना पलंगावर बसवलं आणि समोर खुर्ची घेऊन त्यांची तोंडी परीक्षा सुरू केली. एकतीस वर्षं तेच केलं होतं ना.

एकोणतीसचा पाढा म्हणा. म्हटला, न अडखळता. दिडकी म्हणा. म्हटली, आणि वर पावकीही म्हणून दाखवली. आपल्या जिल्ह्याचे तालुके सांगा. सोळाच्या सोळा. पल्लवीचा जन्मवार. रहीमभाईंचा फोन नंबर. पाच एचपीला किती फेरे, साडेसातला किती. सगळं बरोबर. शेवटी तेच मला म्हणाले, "मी चौथीत हावो काय? कायले मांडलं हे?"

पैकीच्या पैकी मार्क. मी इतकी खूश झाले की बाजारातल्या त्या माणसाला निरोप पाठवला, ह्यांचं डोकं तुझ्यापेक्षा ठीक आहे म्हणून. मग दोष कशाचा? डोळ्यांचा. बारीक तारा दिसत नसतील, म्हणून जोडणी चुकत असेल. वणीला जाऊन डोळे तपासले. नंबर थोडा वाढलाच होता. माझी खात्री पटली. नवीन चष्म्याची काच मागवावी लागणार होती. आम्ही वाट पाहत बसलो.

पाठ असणं म्हणजे समजणं का, असं मला कोणी विचारलं असतं तर मी चुकले नसते, हे जास्त लागतं. शाळेत रोज पाठ टाचण लिहायचो आम्ही. त्यात उद्दिष्टांचा रकाना असायचा: ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य. चारही शब्द मी हजारो वेळा लिहिले. पाठ असणं हे फक्त ज्ञान, तेही पहिल्या पायरीचं. समजणं वेगळं. समजलेलं कामात आणणं आणखी वेगळं. पोराला बेरजा येतात पण व्यवहारातलं उदाहरण घातलं की ते गडबडतं, हे मी दरवर्षी पाहिलं होतं. आणि नवऱ्याला तपासायची वेळ आली तेव्हा पाढे म्हणायला लावले.

चष्मा आणायला वणीला गेलो तो त्या परीक्षेनंतरचा तेविसावा दिवस. दुकानदाराने ह्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, घालून बघा काका. ह्यांनी दांड्या उघडल्या. मिटल्या. पुन्हा उघडल्या. चष्मा उलटा धरला, सुलटा धरला, डोळ्यांपर्यंत नेला आणि परत खाली आणला. चाळीस वर्षं चष्मा लावणारा माणूस! मग त्यांनी तो हळूच माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "नंबर बरोबर हाये." लावून न बघता.

त्या दुकानातून मी त्यांना दंडाला धरून थेट डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी नाव, गाव, वार विचारलं. सगळं बरोबर. मग म्हणाले, "काका, हा कागद उजव्या हातात घ्या, अर्धा दुमडा आणि त्या खिडकीत ठेवून या." ह्यांनी कागद घेतला. उठले. उभे राहिले. कागदाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. वर्गात उत्तर न येणारं पोर शेजारच्याकडे पाहतं तसं होतं ते. डॉक्टरांनी फार वेळ लावला नाही, सरळ सिटी स्कॅनला पाठवलं.

आजाराचं नाव क्रॉनिक सबड्यूरल हिमॅटोमा. मेंदूवर एक जाड आवरण असतं. त्याच्या खाली बारीक शीर फाटून रक्त थेंबथेंब साठत जातं आणि जुनं होतं. उतारवयात मेंदू किंचित आकसतो, आत जागा होते, म्हणून आठवडे न आठवडे काही कळत नाही. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असेल तर धोका जास्त. ह्यांना ती चार वर्षांपासून चालू होती.

"डोक्याला मार लागला होता?" डॉक्टरांनी विचारलं होतं. मी ठासून नाही म्हटलं. ह्यांनीही नाही म्हटलं. निघण्याआधी घराची किल्ली कुठे ठेवलीय ते सांगायला रहीमभाईंना फोन केला आणि सहज माराचंही विचारलं, तर ते म्हणाले,

"भाभी, दसऱ्याच्या आधी शटर लागलं होतं ना. अर्धं शटर उचलून वाकून आत जाते न ते, तसे गेले आन ठाप्पकन लागलं. रक्त नाही निंघालं. आमी दोघं बी हासलो. कोनाले सांगाचं काय त्याच्यात?"

खरंच, काय सांगायचं त्यात. तुमच्या घरात कोणाला असा मार लागला तर तारीख लिहून ठेवा, एवढं मात्र मी आता सांगते.

वणीहून रुग्णवाहिकेने निघालो. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोलत राहा, झोप जास्त येतेय का पाहा, शुद्ध कमी होतेय असं वाटलं तर ड्रायव्हरला सांगून जवळच्या हॉस्पिटलला थांबा. मी दर पाच मिनिटांनी "ऐकलं का?" म्हणत होते. हे वैतागले. वरोरा, नंदोरी, जाम, बुटीबोरी, सगळी गावं त्यांनी येण्याच्या आधी बरोबर ओळीने सांगितली. पण अंगावरची शाल घसरली ती त्यांना वर ओढता येईना. डावा हात शालीशी नुसता चाळा करत राहिला. त्या दोन-अडीच तासांत मी किती देवांना बोलले ते सांगत नाही. काही देवांना तर मी आधी कधी विचारलंही नव्हतं.

नागपूरला आमची मुलगी पल्लवी हॉस्पिटलच्या दारातच उभी होती. तिला पाहून हे हसले. "तू कायले आली? हापिस नाही काय आज?" पल्लवी माझ्या कानाशी म्हणाली, "आई, बाबा तर ठीक आहेत." तेवीस दिवस मीही तेच म्हणत होते.

तिथे एक तरुण डॉक्टरबाई होत्या, शिकाऊ असतील, पण समजूतदार. त्यांनी ह्यांना कागदावर गोल काढून दिला आणि म्हणाल्या, "काका, यात घड्याळ भरा आणि सव्वातीन वाजलेले दाखवा." भिंतीवरचं घड्याळ पाहून ह्यांनी किती वाजले ते आधीच बरोबर सांगितलं होतं. आता पेन घेतलं आणि एक ते बारा सगळे आकडे लिहिले. एकही चुकला नाही, क्रमही बरोबर. पण बाराही आकडे गोलाच्या उजव्या अर्ध्यात कोंबलेले. डावी बाजू कोरी. काटे काढलेच नाहीत. दुसरीच्या मुलांना घड्याळ मीच शिकवायचे. तो कागद पाहून मी तोंड फिरवलं.

बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, "मला नीट सांगा, कॉग्निशन म्हणजे नेमकं काय? मी शिक्षिका आहे, सोपं करून सांगू नका."

त्या हसल्या. म्हणाल्या, "काकू, काका शुद्धीवर आहेत. ते कॉन्शसनेस, म्हणजे जागेपण. त्यांना जुनं आठवतं, ती मेमरी. ते हुशार आहेत, ती इंटेलिजन्स, ती काही एका महिन्यात जात नाही. त्यांना डोळ्यांनी दिसतं, ते नुसतं दिसणं. कॉग्निशन म्हणजे या सगळ्यांच्या आधाराने मेंदू जे काम करतो ते. लक्ष देणं, दिसलेल्याचा अर्थ लावणं, आठवलेलं योग्य वेळी काढणं, कशानंतर काय ते ठरवणं, चुकलं तर ओळखणं. आठवण त्यातला एक हिस्सा आहे. तुम्ही तो हिस्सा तपासला."

मी हिश्श्यालाच अख्खं समजले होते. गुंडाळ्या बरोबर, तार बरोबर, फेरे बरोबर, वीजही येते आहे, आणि टोकांची जोडणी चुकली की मोटार घुमत राहते. हे माझ्या नवऱ्याला कोणी सांगायची गरज नव्हती. मला होती.

आपल्याकडे किती शब्द आहेत. शुद्ध, भान, जाण, समज, उमज, आठवण, अक्कल, बुद्धी. आपण ते सगळे एकाच पोत्यात भरतो आणि म्हणतो, डोकं ठीक आहे. माणसाला शुद्ध असते आणि भान नसतं. आठवण असते आणि उमज नसते. दवाखान्याच्या बाकावर बसून मी ही यादी मनातल्या मनात करत होते. दुसरं काय करणार?

संध्याकाळी संमतीपत्र आलं. मी पेन ह्यांच्या हातात दिलं. त्यांनी सही केली, झोकदार, खाली दोन टिंबं देऊन, दुकानाच्या पावतीवर करतात तशी. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काका, हे कशासाठी आहे?" ते म्हणाले, "मोटारीची ग्यारंटी." त्यांनी दुसरा कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. सही येणं म्हणजे संमती देता येणं नव्हे, हे मला तेव्हा कळलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली. घरातला एकही मोठा निर्णय मी त्यांना न विचारता घेतला नव्हता. त्यांच्या डोक्याला भोक पाडायचा निर्णय मी एकटीने घेतला, आणि ते शेजारी बसून माझ्या अक्षराचं कौतुक करत होते.

शेवटी धीर करून विचारलं, "उशीर झाला का हो? तेवीस दिवस मी..."

"आधी आला असतात तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "पण आलात. पुष्कळ लोक येतच नाहीत, म्हातारपण म्हणून सोडून देतात."

त्यांनी धीर द्यायला म्हटलं, पण मी त्यातलं पहिलं वाक्यच घेऊन बसले. पल्लवीला सांगितलं नाही. ह्यांना तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन झालं. त्याला बर होल म्हणतात. कवटीला रुपयाच्या नाण्याहून लहान दोन भोकं पाडतात, साठलेलं रक्त धुऊन काढतात आणि उरलेलं निघून जायला बारीक नळी ठेवतात. तिला ड्रेन म्हणायचं. तासाभराचं काम, असं सांगितलं होतं. मला दोन तास बाहेर बसवलं. दार उघडलं की मी उभी राहायचे. प्रत्येक वेळी दुसऱ्याच कोणाचं नाव पुकारलं जायचं आणि मी पुन्हा बसायचे. मोठे डॉक्टर आले ते म्हणाले, "जुन्या इंजिन ऑईलसारखं निघालं. मेंदू हळूहळू वर येतोय. आता बघू."

"बघू" या शब्दाची मला तेव्हापासून भीती वाटते.

मला वाटलं होतं, रक्त निघालं की माणूस ठीक होईल. तसं होत नाही, हेही सांगून ठेवते. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी हे जास्तच बिघडले. ड्रेनची नळी ओढायला लागले. मला "बाई" म्हणून हाक मारली, परकी असल्यासारखी. नर्सने हात हलके बांधून ठेवले. मी व्हरांड्यात जाऊन रडले. पल्लवी म्हणाली, आई, डॉक्टर म्हणतात असं होतं, उतरेल. मला वाटत होतं, आता हेच राहणार. आठवण होती तीही मी घालवली.

तिसऱ्या दिवशी थोडं उतरलं. चौथ्या दिवशी मी डब्यातली पोळी मोडत होते, तेव्हा ह्यांनी खुणेने मला थांबवलं आणि सलाइनच्या बाटलीकडे बोट केलं. बाटली संपत आली होती. "सिस्टरले सांग," ते म्हणाले. बस, एवढंच. बाटली पाहिली, ती संपते आहे हे ओळखलं, संपली तर काय होईल ते जाणलं, आणि कोणाला सांगायचं ते ठरवलं. चार गोष्टी, ओळीने. मी धावत गेले. नर्सला वाटलं काहीतरी अघटित झालं, इतका माझा आवाज चढला होता.

नवव्या दिवशी सुटी मिळाली. रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टर सांगेपर्यंत बंद, डोक्याला धक्का नाही, दुकान तीन महिने नाही. निघताना डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "काकू, प्रश्न विचारू नका. काम सांगा."

तेच केलं. तूर निवडायला दिली. कपडे घडी करायला दिले. पहिले पंधरा दिवस डाव्या बाहीची घडी सुटलेलीच असायची. चहा मात्र मी करू देत नव्हते, गॅसची भीती वाटायची. ते रागवायचे. रहीमभाई रोज यायचे. एकदा त्यांनी बिघडलेला टेबलफॅन आणून पुढ्यात ठेवला. "घे, मरतुकड्या. मोटारच हाये, लहानशी." मी नको म्हणत होते. हे दोन दिवस त्याच्यापुढे बसले. तिसऱ्या दिवशी पंखा फिरला. रहीमभाईंनी फक्त मान हलवली आणि नाक पुसत बाहेर निघून गेले.

मी मात्र नजर ठेवून होते. ते जेवताना ताटाच्या डाव्या बाजूची भाजी घेतात का, चप्पल दोन्ही पायांत आहे का. एखादा शब्द अडला की मी जेवण सोडून त्यांच्याकडे पाहायचे. आणि आत तो हिशोब चालूच: तेवीस दिवस. तीन आठवडे आणि दोन दिवस. मी आधी हलले असते तर डावा हात पूर्ण आला असता का? तो अजून जरा मागे राहतो. बारीक तार धरताना सुटते. कोणी मला दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते.

तीन महिन्यांनी तपासणीला नागपूरला गेलो. दाराबाहेर आमचा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर केळापूरकडची एक सून सासऱ्यांना घेऊन आली होती. म्हातारे ताठ बसले होते, धोतर-टोपी नीटनेटकी. ती मला म्हणाली, "डोकं एकदम चांगलं हाये मॅडम यायचं. तीस वर्षांमागचं सांगते. उगीच आनलं म्हनून माहे मोठे दीर मले बोलून राह्यले. वापस जावं म्हन्तो आता, नंबर लय लांब हाये."

ती खरंच पिशवी उचलायला लागली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ह्यांनी हात केला.

"बाई, थांबा. त्यायची डावी चप्पल कुठं हाये?"

सगळ्यांनी खाली पाहिलं. म्हाताऱ्याच्या एका पायात चप्पल नव्हती. दारापाशी राहिली होती. त्यांना पत्ता नव्हता, सुनेलाही नव्हता, आणि मलाही दिसली नव्हती.

"आठवन मले बी सारी होती," हे म्हणाले. "त्यायले काम सांगून पाहा एखादं. आन नंबर लागू द्या. जाऊ नका."

ती बसली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता महिना झाला हो बाबाजीले असं होऊन. मलेच समजलं नाही. माहीच चूक हाये."

हे तिला म्हणाले, पण तोंड माझ्याकडे होतं, "आमच्या मॅडमले बी तसंच वाटते. तीन महिन्यांपासून वाटून राह्यलं. घरात असं काई होते तवा कोनाले समजते जी? तिनं मले उचलून आनलं, म्हनून मी इथं बसून हावो."

मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. एका शब्दाने नाही. तीन महिने मी त्यांच्यावर नजर ठेवून होते, आणि तेवढाच काळ ते माझ्याकडे पाहत होते.

आमचं नाव पुकारलं. मला लगेच उठता येईना. हे उभे राहिले, फाइल काखेत घेतली आणि दुसरा हात माझ्यापुढे केला. डावा.